दारातला खांब आणि हातातला वडापाव

सकाळच्या गर्दीत ठाण्याला लोकल पकडायची आणि दारातल्या खांबाला हात लावायचा नाही, असा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी त्या डब्यात चढून दाखवावं. खांबावर जंतू असतात, हे खरंच. पण कातडी कुठे कापलेली-खरचटलेली नसेल, तर ते सहसा तळहातातून आत शिरत नाहीत. त्यांना वाट लागते ती डोळ्यांची, नाकाची, तोंडाची, आणि तिथवर त्यांना आपणच नेऊन सोडतो. ऑस्ट्रेलियात वर्गात बसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचं चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुलं तासाला सरासरी 23 वेळा चेहऱ्याला हात लावत होती. होऊ घातलेल्या डॉक्टरांची ही तऱ्हा!

म्हणून खांबाची धास्ती सोडा. स्टेशनबाहेर उतरल्यावर त्याच हाताने वडापाव उचलता, तिथे खरी गोम आहे.

खिशातली सॅनिटायझरची बाटली आहे की, असं कुणी म्हणेल. त्यात निदान 60 टक्के अल्कोहोल असेल तर करोना किंवा फ्लूच्या विषाणूंवर ती चालते, कारण त्यांच्याभोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि अल्कोहोल ते फोडतं. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोविषाणूला मात्र असं आवरणच नाही. काविळीच्या हिपॅटायटिस ए विषाणूचंही तेच. तिथे सॅनिटायझर तोकडा पडतो. हात तेलकट किंवा मळलेले असले तर आणखीच.

साबणाला जंतू मारावेच लागतात असं नाही. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. तेलकट मळ आणि त्याला चिकटलेले जंतू या रेणूंच्या घोळक्यात सापडतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. आवरण असो वा नसो, सुटका नाही. पाणी गारच असलं तरी चालतं. चोळायला मात्र वीसेक सेकंद द्यायला हवेत.

हॉटेलातल्या बेसिनपाशी जरा निरखून पाहा. तळव्याला तळवा दोनदा घासला, नळाखाली धरला, झालं. अंगठा आणि नखांची टोकं कोरडीच राहतात, आणि घास तर त्यांनीच उचलायचा असतो. वर ओले हात पुसायला खिशातून निघतो तो प्रवासभर घाम टिपलेला रुमाल. कोरड्या हातांपेक्षा ओल्या हातांवरून जंतूंची देवाणघेवाण जास्त होते, त्यामुळे हात पुसायला हवेतच. फक्त त्यासाठी वेगळा, धुतलेला नॅपकिन ठेवावा.

महागडा ‘जंतुनाशक’ साबण हवा का? नको. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, 2016 मध्ये ट्रायक्लोसान या जंतुनाशक रसायनासह 19 घटकांपैकी कुठलाही असलेल्या अशा साबणांवर बंदी घातली, कारण ते साध्या साबण-पाण्याहून सरस असल्याचं उत्पादकांना दाखवताच आलं नव्हतं. स्टेशनच्या नळावर साबण मिळेलच असं नाही, तेव्हा डब्याच्या पिशवीत कागदी साबणाचं पाकीट टाकलं की भागतं.