चादरीची किनार टीव्हीवर का कापली जाते?

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जकार्ड चादरींच्या एका कारखान्यात गेलो होतो. व्यापाऱ्याला नक्षी मोठी दिसावी म्हणून मालकांनी उबुंटू ही लिनक्स प्रणाली असलेला लॅपटॉप एचडीएमआय वायरने भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. चित्र लगेच आलं. मधला मोर झकास दिसत होता, पण चारही बाजूंची किनार गायब! लॅपटॉपवर मात्र सगळं जागेवर.

चित्र लगेच आलं, हीसुद्धा साधी गोष्ट नाही. लिनक्सवर सुरुवातीची बरीच वर्षं एक्सफ्री८६ हे सॉफ्टवेअर पडदा सांभाळायचं. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतले फ्रिक्वेन्सीचे आकडे शोधून ते एका फाइलमध्ये हाताने लिहावे लागत. आकडा चुकला तर जुना काचेचा मॉनिटर खराबही होऊ शकत असे. दुसरा पडदा जोडायचा तर फाइल बदला आणि सगळं बंद करून पुन्हा सुरू करा.

खरं तर पडद्याने स्वतःची ओळख सांगायची सोय १९९४ मध्येच ठरली होती. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळची ही जेमतेम १२८ बाइटची माहिती: कंपनी कोणती, कोणती रिझोल्यूशन चालतात वगैरे. तिचा चालू यंत्रात पुरेपूर उपयोग लिनक्सवर २००७ मध्ये होऊ लागला. जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी आखलेल्या रँडआर या पडद्याची मांडणी बदलणाऱ्या सोयीची १.२ आवृत्ती त्या वर्षी आली आणि काम चालू असतानाच दुसरा पडदा जोडता-काढता येऊ लागला. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं पाऊल हेच. २००९ मध्ये पडद्याचं रिझोल्यूशन ठरवण्याचं काम कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली, तीही आधी इंटेलच्या चिपपासून.

पडदा सांभाळायच्या जुन्या व्यवस्थेच्या जागी आणलेल्या वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं. आज उबुंटू उघडलं की बहुधा तेच चालू असतं. त्यामुळे रँडआरवर चालणारी एक्सरँडआर ही जुनी कमांड कुणी सांगितली तर ती तिथे पडदा बदलत नाही. सेटिंग्जमधल्या डिस्प्लेमध्ये जावं लागतं. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर साउंडमध्ये जाऊन एचडीएमआय निवडायचं, एवढंच.

आता किनार. तो दोष लिनक्सचा नाहीच. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट बसत नसत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलत. त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. ट्यूब गेली, पण अनेक सपाट टीव्हींनी ती सवय ठेवली. सिनेमात हे जाणवत नाही; चादरीच्या नक्षीत, जिथे काठाची एकेक ओळ मोजून काढलेली असते, तिथे लगेच डोळ्यांत भरतं.

मालकांनी रिमोट घेतला, पिक्चर साइझमध्ये ‘स्क्रीन फिट’ निवडलं. काठाची लाल पट्टी चारही बाजूंनी आत आली, आणि व्यापाऱ्याने खुर्ची पुढे ओढून भाव विचारला.