शत्रूचं दुःख आणि आपला मेंदू

पोटचा मुलगा मारला गेला, की सूड सुचणं कुणालाही समजेल. इस्रायलमधल्या यित्झाक फ्रँकेंथाल यांना दुसरंच काही सुचलं. १९९४ मध्ये हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने त्यांच्या मुलाचं अपहरण करून त्याला ठार मारलं. पुढच्याच वर्षी फ्रँकेंथाल यांनी इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षात आपलं माणूस गमावलेली घरं एकत्र आणायला सुरुवात केली. काही वर्षांत पॅलेस्टिनी कुटुंबंही त्यात आली. 'पेरेंट्स सर्कल' नावाच्या या संघटनेत आज दोन्ही बाजूंची मिळून सहाशेहून अधिक कुटुंबं आहेत.

त्यातले दोन बाप जगभर एकत्र बोलत फिरतात. रामी एल्हानन यांची १३ वर्षांची मुलगी १९९७ मध्ये जेरुसलेममधल्या आत्मघाती स्फोटात गेली. बस्साम अरामिन यांच्या १० वर्षांच्या मुलीला २००७ मध्ये इस्रायली सीमा पोलिसाने झाडलेली रबरी गोळी लागली. एल्हानन उघडपणे सांगतात, की संघटनेत येईपर्यंत त्यांनी पॅलेस्टिनी माणूस मजूर किंवा दहशतवादी यापलीकडे कधी पाहिलाच नव्हता.

ही मूठभर संतवृत्तीच्या माणसांची गोष्ट म्हणून हात जोडून मोकळं होता येतं. पण गेल्या वीसेक वर्षांत मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञानाने नेमक्या याच भूमीत बरंच काम केलं आहे.

मेंदूशास्त्रज्ञ रूथ फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये इस्रायली ज्यू आणि अरब-पॅलेस्टिनी किशोरांच्या मेंदूतले अतिसूक्ष्म चुंबकीय बदल मोजले. मुलांना कुणाला तरी इजा होतानाची छायाचित्रं दाखवली होती. इजा कधी 'आपल्या' माणसाला, कधी 'त्यांच्या'. पहिल्या क्षणार्धात मेंदूने दोन्ही वेदनांना सारखीच दाद दिली. फरक पडला तो त्यानंतर: आपल्या माणसाच्या वेदनेला दुसरा, अधिक ठळक प्रतिसाद उमटला, परक्याच्या वेळी तो आलाच नाही. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं जाणवण्याची क्षमता शाबूत होती, वरून कुणीतरी ते दार लावून घेत होतं. संघर्षाबद्दलच्या मतांमधल्या ताठरपणाचाही या फरकावर प्रभाव दिसला. 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणून मिरवणारं ऑक्सिटोसिन ज्यू मुलांमध्ये जितकं जास्त, तितका हा आपपरभावही जास्त! प्रेम आपल्यांपुरतंच, असा त्याचा खाक्या दिसतो.

दार लावण्यामागे एक हिशेबही असतो. 'जास्त सोसलं ते आम्हीच' अशी चढाओढ दोन समाजांत लागते. समोरच्याचं दुःख मान्य केलं तर आपली नैतिक बाजू लंगडी पडेल, ही त्यामागची भीती. नुरित श्नाबेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की या संघर्षाने दोघांनाही बळी बनवलं आहे अशी मांडणी समोर ठेवली, तर ही चढाओढ ओसरते आणि क्षमेची तयारी वाढते. पेरेंट्स सर्कलच्या बैठकीत घडतं ते जवळपास हेच. फक्त तिथे मांडणी वाचून दाखवावी लागत नाही, ती समोरच्या खुर्चीत बसलेली असते.

तरीही 'दुःख सगळ्यांचं सारखंच' हे वाक्य मला अपुरं वाटतं. शोक सारखा असेल, पण पॅलेस्टिनी माणसाला घरून निघून बैठकीला पोचायचं तर लष्करी चौकी ओलांडावी लागते आणि परवाना मागावा लागतो. एमिल ब्रुनो आणि रेबेका सॅक्स यांच्या २०१२ च्या प्रयोगात ही विषमता निकालात उतरली. इस्रायलींचा दृष्टिकोन सुधारला तो पॅलेस्टिनींचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. पॅलेस्टिनींचा सुधारला तो आपलं म्हणणं समोरच्याने खरोखर ऐकलं असं दिसल्यावर. दोघांना एकच औषध लागू पडत नाही. बलवानाने कान द्यायचे आणि दुर्बलाला बोलू द्यायचं, हा क्रम उलटला तर बैठक वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

धोका आणखी एक आहे. तामार सागी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की गोडीगुलाबीच्या भेटींमुळे दुर्बल गटाचं विषमतेकडचं लक्ष ढळतं आणि समोरचे आपल्याशी न्यायाने वागतील अशी आशा वाढते. बलवान गट मात्र त्या आशेला जागत नाही. पॅलेस्टिनी टीकाकार अशा उपक्रमांवर जो आक्षेप घेतात, तो यापेक्षा फार वेगळा नाही. मला तो रास्त वाटतो. म्हणूनच पॅलेस्टिनी भूमीवरचा इस्रायलचा ताबा, तिथल्या वसाहती, हल्ले यांवर मौन पाळणारा शोक आणि त्यांची नावं घेणारा शोक यांत मी फरक करतो. एल्हानन आणि अरामिन दोघेही लष्करी ताबा संपवा असं स्पष्ट म्हणतात.

२००६ पासून इस्रायलच्या स्मृतिदिनाच्या पूर्वसंध्येला दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी संयुक्त कार्यक्रम होतो. बाहेर घोषणा देणारे विरोधकही असतात. २०१८ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी पॅलेस्टिनींना प्रवेश नाकारला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो द्यायला लावला.

शास्त्रज्ञापुढची खरी अडचण अशी, की अशा मंचावर येणारी माणसं स्वतःहून येतात. बदल मंचाने घडवला, की ती मुळातच वेगळी होती? वियोग काही चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाही. संवाद मात्र वाटता येतो. फेल्डमन यांच्या गटाने किशोरांपैकी काहींना यादृच्छिकपणे निवडून आठ संवाद-बैठका दिल्या. त्यांच्या मेंदूतला पूर्वग्रहाशी निगडित प्रतिसाद मंदावला, आणि हा बदल ज्यांच्यात जास्त, त्यांचा सात वर्षांनी, तरुणपणी विचारलं तेव्हा, शांततेच्या प्रयत्नांना पाठिंबाही अधिक होता. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी हमासच्या हल्ल्याचा आणि गाझा युद्धाचा ऑक्टोबर उजाडला.