वाळवंटातली भिंतीआडची बाग

इराणमधल्या काशान शहराला वर्षभरात दीडशे मिलीमीटरही पाऊस मिळत नाही. पुण्यात एकट्या जुलैत साधारणपणे त्याहून जास्त पडतो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वाळवंट, आणि उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर. अशा ठिकाणी फीनची बाग आहे. तिचे आजचे रूप 16व्या शतकाच्या अखेरचे, शाह अब्बास पहिला याच्या काळातले. 2011 साली युनेस्कोने इराणच्या नऊ बागांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतली ही एक.

पाच-सहा एकरांची ही जागा उंच, जाड भिंतींनी वेढलेली आहे आणि कोपऱ्यांवर गोल बुरूज आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला गढीच वाटावी. पण बाग आणि भिंत या गोष्टी तिथे वेगळ्या नाहीतच. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेत ‘पइरी-दएझा’ म्हणजे सभोवती घातलेली भिंत. ‘पइरी’ म्हणजे आपला ‘परि’, आणि ‘दएझा’ हा लिंपणे या अर्थाच्या संस्कृत ‘दिह्’ धातूचा नातलग. याच शब्दावरून फारसीत ‘फिरदौस’ आला, ग्रीकमार्गे इंग्रजीत ‘पॅरडाइज’. स्वर्गाच्या नावातच भिंत लिंपलेली आहे, हे कळल्यापासून मला या बागांकडे निव्वळ शोभेच्या बागा म्हणून पाहता आलेले नाही.

भिंत नेमके काय करते? आधी गारवा येतो कुठून ते पाहू: बागेतल्या पाण्याची वाफ होण्यातून. एक लिटर पाण्याची वाफ होताना भोवतालची सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेच पाणी माठातल्या थंडाव्यापासून उकळीपर्यंत न्यायला लागते त्याच्या साधारण सातपट. एवढ्या उष्णतेत 400 घनमीटर हवा 5 अंशांनी निवते, म्हणजे दहा बाय बाराच्या दहा-बारा खोल्या. हवा कोरडी असली की बाष्पीभवन झपाट्याने होते, म्हणून हा उपाय काशानला लागू पडतो. कोकणातल्या दमट हवेत तो पांगळा ठरेल. पण वाळवंटाचा उघडा वारा आत शिरला तर ही निवलेली, ओलसर हवा क्षणात उडून जाईल, आणि वारा पानांमधले पाणीही ओढून नेईल. भिंत गारवा तयार करत नाही. झालेला गारवा राखते. थंड हवा जड असते, ती झाडांच्या बुंध्यांशी साचून राहते.

नुसती भिंत मात्र पुरत नाही. भरीव आडोशावर आदळलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरे करत खाली येतो. झाडांची रांग वाऱ्याला अडवत नाही, गाळते. त्यामुळे त्याचा जोर विरतो. फीनमध्ये हे काम सरू, म्हणजे सायप्रस, करतो. शेकडो वर्षे वयाचे, सरळसोट, सदाहरित सरू पाटांच्या कडेने ओळीने उभे आहेत. (कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू तो हा नव्हे. आपण फारसी नाव उचलले आणि ऑस्ट्रेलियाकडच्या एका वेगळ्याच झाडाला दिले.) सरू थोड्या जागेत मावतो, वाटेवर सावली धरतो आणि हिवाळ्यातही आडोसा सोडत नाही. त्याच्या आत, थोड्या मऊ हवेत, फळझाडे आणि गुलाब.

आता पाणी. बागेच्या वरच्या अंगाला सुलेमानिया नावाचा झरा आहे. तिथून पाणी हौदात येते आणि पुढचा सगळा प्रवास उतारावर होतो. पंप नाही. कारंजीसुद्धा उंचीच्या फरकावरच उडतात: हौदातली पातळी कारंज्याच्या तोंडाहून जितकी वर, त्याच्या थोडी खालपर्यंत धार पोहोचते. बाकीचा जोर नळीच्या घर्षणात जातो. पाटांना फिरोजी फरशा लावल्या आहेत, त्यामुळे वीतभर पाणीही खोल आणि निळे दिसते.

या बागांची काटकोनी आखणी राजांच्या शिस्तप्रिय आवडीतून आली, असे बऱ्याचदा म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. ज्याने रानात दारे धरली आहेत त्याला विचारा. पाट सरळ आणि उतार एकसारखा असेल तरच शेवटच्या वाफ्याला पाणी पोहोचते. वळण आले की कुठे गाळ बसतो, कुठे बांध फुटतो. सरळ पाट, त्याला काटकोनात फुटलेले उपपाट, मधले चौकोनी वाफे. कांद्याच्या रानाची आखणी आणि चारबागेची, म्हणजे पाटांनी चार भागांत विभागलेल्या बागेची, आखणी मुळात एकाच गरजेतून आली आहे. सौंदर्य त्या गरजेवर चढलेले आहे.

वाटा उंच आणि वाफे खोल ठेवण्याची रीतही अशीच. खोल वाफ्यात पाणी भरून सोडता येते, ते मुळांपाशी थांबते. आणि वाटेवरून चालणाऱ्याला फुलांचे माथे पायांच्या पातळीवर दिसतात, गालिचा अंथरल्यासारखे. मुघलांनी ही चारबाग हिंदुस्थानात आणली. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात तटबंदी, मधले पाट आणि हौद, चौकोनी वाफे हे सगळे आजही पाहता येते. तिथे गेलात तर घुमटाकडे पाहण्याआधी जरा वाकून पाटांचा उतार पाहा.

फीनमध्ये पाणी बागेतच संपत नाही. वाफे भिजवून, कारंज्यांतून उसळून, हौदांत निवून ते भिंतीबाहेर पडते आणि गावाच्या शेतांकडे, बागायतीकडे जाते.