एचडीए, एक्सव्हीडीए, व्हीडीए: व्हीएमच्या डिस्कला ही नावं कुठून आली

काही वर्षांपूर्वी एका जुन्या लिनक्स व्हीएमची, म्हणजे खऱ्या संगणकात चालणाऱ्या आभासी मशीनची, डिस्क मी आयडीई या जुन्या पीसीतल्या जोडणीवरून व्हर्टआयओ या खास व्हीएमसाठीच्या जोडणीवर नेली. व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या एक्सएमएल फाइलमध्ये बसचा, म्हणजे जोडणीच्या प्रकाराचा, एक शब्द बदलला, जुन्या पत्त्याची ओळ काढून टाकली, मशीन चालू केलं आणि चहा आणायला गेलो. परत येऊन बघतो तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रूट फाइलसिस्टीम शोधत अडकलेला. डिस्क जागेवर होती, डेटा शाबूत होता. पण बूट होताना आधी लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात, इनिटरॅमएफएसमध्ये, व्हर्टआयओचा ड्रायव्हर नव्हता, आणि तो घातल्यावरही बूटच्या ओळीत नि डिस्कची यादी असलेल्या एफएसटॅबमध्ये एचडीए हे डिस्कचं जुनं नाव लिहिलेलं, जे आता अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे चूक एक आणि अडथळे दोन: ड्रायव्हरचा आणि नावाचा. दोन्हींचा उगम एकच आहे. व्हीएमला तिच्या डिस्कबद्दल किती खरं सांगायचं, हा प्रश्न त्या त्या काळात वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला.

सुरुवात पीसीवर झालेली नाही. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात १९६७ साली सीपी-४० चालू झालं. त्याच वंशातलं व्हीएम/३७० १९७२ साली बाजारात आलं. तिथे प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःचं आभासी मशीन मिळे आणि त्यासोबत 'मिनीडिस्क'. खऱ्या डिस्कचे काही सिलिंडर, म्हणजे पट्टे, तोडून द्यायचे आणि पलीकडच्याला ती अख्खी, छोटी डिस्क आहे असं दाखवायचं. डिरेक्टरीतली तिची ओळ वाचली की मला सातबारा आठवतो: आभासी पत्ता १९१, डिस्कचा प्रकार ३३३०, अमुक सिलिंडरपासून सुरू, एकूण इतके सिलिंडर, अमुक व्हॉल्यूमवर, वाचायची-लिहायची परवानगी अशी. गट नंबर, क्षेत्र, हक्क, सगळं एका ओळीत. आजच्या एक्सएमएलच्या पंधरा ओळी यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाहीत.

पीसीवर हे काम अवघड होतं, कारण तिथल्या ऑपरेटिंग सिस्टीमला आपण एकटेच मालक आहोत असं वाटायची सवय. व्हीएमवेअरने १९९९ साली आणि फॅब्रिस बेलार्ड यांच्या क्यूएमूने २००३ पासून यावर सरळ तोडगा काढला: गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टीमला, काहीच सांगायचं नाही, खऱ्या हार्डवेअरची हुबेहूब नक्कल करायची. क्यूएमूने इंटेलच्या पीआयआयएक्स३ चिपमधला आयडीई कंट्रोलर उभा केला. गेस्टमधल्या लिनक्सला तो ओळखीचा, म्हणून त्याने नेहमीसारखं नाव दिलं, एचडीए. आयडीईच्या दोन वाहिन्यांवर मिळून चारच जागा. तिसऱ्या जागेवर, म्हणजे एचडीसीवर, सीडी ड्राइव्ह. डिस्कसाठी उरल्या तीन.

ही नक्कल महागात पडे. आयडीईवरून एक सेक्टर, म्हणजे डिस्कचा सर्वांत छोटा तुकडा, वाचायचा तर किती सेक्टर हवेत ते एका पोर्टवर, म्हणजे कंट्रोलरच्या एका ठराविक पत्त्यावर, लिहायचं, सुरुवातीचा पत्ता तीन तुकडे करून तीन पोर्टवर, ड्राइव्ह कोणता ते आणखी एका पोर्टवर, मग आज्ञा. खऱ्या मशीनवर हे क्षणात होतं. व्हीएममध्ये अशा प्रत्येक बाइटला प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडतो, होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारं खरं मशीन, बघतो काय लिहिलंय, नोंद घेतो आणि पुन्हा आत जातो. एका वाचनासाठी निदान सहा हेलपाटे, डेटा यायच्या आधीच. सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी सहा खिडक्या फिरवतात तसं.

दुसरा पक्ष म्हणत होता की गेस्टला सांगूनच टाका. जेफ डाइक यांच्या यूजर मोड लिनक्समध्ये कर्नलच साधी प्रक्रिया म्हणून चाले. तिच्या डिस्कचं नाव यूबीडी, आणि मूळ फाइलला हात न लावता बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची सोयही तिथे होती. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून २००३ साली झेन हा हायपरव्हायजर, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्राम, पुढे आला. झेनच्या गेस्टमध्ये डिस्कच्या ड्रायव्हरचा पुढचा अर्धा भाग, मागचा अर्धा भाग होस्टच्या बाजूला आणि मधे दोघांनी वाटून घेतलेल्या मेमरीतली मागण्यांची रांग. पोर्टबिर्ट काही नाही. सुरुवातीला झेनचा ड्रायव्हर एचडीए, एसडीए ही नावं उसनी घेत असे. २००७ मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये आला तो मात्र स्वतःच्या नावाने: एक्सव्हीडीए, मेजर क्रमांक (कर्नलमधला ड्रायव्हरचा नंबर) २०२. ऍमेझॉनची भाड्याने व्हीएम देणारी सेवा, ईसी२, २००६ साली झेनवरच सुरू झाली, म्हणून तिथे कन्सोलवर डिस्क एसडीएफ म्हणून जोडायची आणि आत एक्सव्हीडीएफ सापडायची, हा गोंधळ कित्येकांनी अनुभवला. २०१७ नंतरच्या नायट्रो या नव्या पिढीच्या मशीनवर तीच डिस्क एनव्हीएमई (आजच्या वेगवान एसएसडींची जोडणी) म्हणून दिसते, म्हणजे नाव तिसरंच.

मधल्या काळात लिनक्सच्या कर्नललाच हायपरव्हायजर बनवणारं केव्हीएम आलं, २००७ च्या फेब्रुवारीत, लिनक्स २.६.२० सोबत. पण डिस्कसाठी ते क्यूएमूची आयडीई नक्कलच वापरत होतं. तेव्हा लिनक्समध्ये निदान आठ आभासीकरणाच्या पद्धती नांदत होत्या आणि बऱ्याच जणांचा डिस्कचा ड्रायव्हर आपापला. कर्नलवर काम करणाऱ्या रस्टी रसेल यांना हे खटकलं. स्वतःच्या लगेस्ट या छोट्या हायपरव्हायजरवर काम करताना त्यांनी व्हर्टआयओ मांडलं: रांगेची रचना एकच ठरवा, ड्रायव्हर एकदाच लिहा, मागे हायपरव्हायजर कुठलाही असो. जानेवारी २००८ मधल्या २.६.२४ कर्नलमध्ये ते आलं आणि व्हीडीए हे नाव जन्माला आलं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. पुढे ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याची १.० आवृत्ती प्रसिद्ध केली.

उणिवा होत्याच. व्हर्टआयओच्या या डिस्क ड्रायव्हरमध्ये, व्हर्टआयओ-ब्लॉकमध्ये, प्रत्येक डिस्क म्हणजे पीसीआय बसवरचं (विस्तार कार्डांच्या जोडणीवरचं) एक वेगळं उपकरण, त्यामुळे पंचवीस-तीस डिस्कनंतर जागा संपत. २०१२ मध्ये व्हर्टआयओ-स्कझी आलं, ज्यात एका कंट्रोलरवर शेकडो डिस्क बसतात. तिथे नाव पुन्हा एसडीए. मोकळी झालेली जागा होस्टला परत देण्याची सोयही तिथे होती. व्हर्टआयओ-ब्लॉकला ती लिनक्स ५.० मध्ये, २०१९ साली मिळाली. दोन्हींतून एक निवडायचा सल्ला जुन्या लेखांत सापडतो, त्यातला बराच भाग या तारखेपूर्वीचा आहे.

डिस्कच्या मागे असलेल्या फाइलची गोष्ट जास्त रंजक. व्हीएमची अख्खी डिस्क होस्टवर एका फाइलमध्ये असते, आणि तिचे मुख्य प्रकार दोन: क्यूएमूचा स्वतःचा क्यूकाऊ२ आणि साधा रॉ. क्यूकाऊ२ फाइलच्या सुरुवातीला ओळखीचे चार बाइट असतात आणि आपली आधाराची फाइल (जिच्यातून न बदललेला डेटा वाचायचा ती) कुठली तेही लिहिलेलं असतं. रॉ फाइलला मात्र अशी ओळख नसते. तिचा पहिला बाइट हाच डिस्कचा पहिला बाइट. क्यूएमू पूर्वी फाइल उघडताना सुरुवात वाचून प्रकार ओळखत असे. मग रॉ डिस्क असलेल्या गेस्टने आपल्याच पहिल्या सेक्टरवर क्यूकाऊ२ चा मथळा लिहिला, आधाराची फाइल म्हणून होस्टवरच्या पासवर्डच्या फाइलचा मार्ग दिला आणि मशीन पुन्हा चालू केलं, की? होस्टची फाइल गेस्टला डिस्क म्हणून वाचता येई. हे भगदाड २००८ साली उघड झालं. कॉन्फिगरेशनमध्ये फॉरमॅट रॉ असं स्पष्ट लिहायला सांगतात ते यासाठी. ती ओळ शोभेची समजून गाळणारे अजून भेटतात.

राहता राहिलं नाव. २००७ च्या सुमाराला खऱ्या मशीनवरही आयडीई डिस्क नव्या लिबएटीए ड्रायव्हरखाली गेल्या आणि एचडीएचं एसडीए झालं. लिनक्सच्या वितरणांनी एफएसटॅबमध्ये यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टीमचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहायला सुरुवात केली ती अशाच पडझडीनंतर. व्हीएमसाठी आणखी एक उपाय आहे: डिस्कला सीरियल द्यायचा, वीस अक्षरांपर्यंत. गेस्टमध्ये बाय-आयडीच्या फोल्डरमध्ये डिस्कच्या नावात तो दिसतो, डिस्क कितव्याही क्रमांकावर जोडलेली असो.

माझी व्हीएम त्या संध्याकाळी रेस्क्यू आयएसओवरून, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या आभासी सीडीवरून, चालू करून दुरुस्त केली: इनिटरॅमएफएस नव्याने बांधला, एचडीए होतं तिथे यूयूआयडी घातली. एक्सएमएलमध्ये टार्गेटसमोर मात्र अजूनही एचडीए आहे, कारण मी फक्त बस बदलली होती. लिबव्हर्ट ते नाव क्रम लावण्यापुरतं बघतं, आत गेस्टला व्हीडीएच दिसतं. ते तसंच राहू दिलंय.