मागण्याचा हक्क, मिळण्याचा नव्हे

कामाच्या लवचिक वेळेचा उगम कामगारांच्या मागणीत नाही, रहदारीच्या कोंडीत आहे. १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीत म्युनिकजवळच्या विमाने बनवणाऱ्या एका कंपनीत सगळे एकाच वेळी कामावर येत आणि रस्ते तुंबत. म्हणून येण्या-जाण्याची वेळ पुढेमागे करायची मुभा मिळाली. मधले ठरावीक तास मात्र सर्वांनी हजर राहायचे. १९७३ मध्ये अमेरिकेत ‘टेलिकम्युटिंग’ (ऑफिसला न जाता दुरून काम करणे) हा शब्द आला, तोही प्रवास वाचवण्याच्याच विचारातून.

खरा वाद सुरू झाला तो ब्रिटनच्या २००३ च्या तरतुदीपासून. सहा वर्षांखालील किंवा अपंग मुलांच्या पालकांना त्या वर्षी लवचिक कामाचा, म्हणजे कामाची वेळ किंवा जागा बदलून मागण्याचा, ‘विनंती करण्याचा हक्क’ मिळाला. हा शब्दप्रयोग नीट वाचायला हवा: हक्क विनंतीचा, सवलतीचा नव्हे. नकाराची आठ कारणे कायद्यातच दिली होती. वाढीव खर्च, ग्राहकसेवेवर परिणाम, कामाची फेरवाटणी अशक्य, दर्जा घसरणे वगैरे. या आठांतले एकही लागू पडणार नाही असे ऑफिस शोधूनही सापडणे कठीण.

शिवाय हक्क पालकांपुरता असल्याने अर्जावर ‘आईची सवलत’ असा शिक्का बसला. अर्ज करणारी बाई बढतीच्या शर्यतीत मागे पडणार, हे न बोलता गृहीत धरले जाई. व्यवस्थापकांचीही पंचाईत झाली. एकाला हो म्हटले की दुसऱ्याला नाही का, हे सांगायचे. आणि जो समोर खुर्चीत दिसत नाही त्याचे काम मोजायचे कसे, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. हजेरीलाच काम समजायची सवय जुनी होती.

२०१४ मध्ये २६ आठवडे नोकरी झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हा हक्क मिळाला, तेव्हा तो शिक्का थोडा पुसट झाला. दरम्यान ‘लवचिक’ हाच शब्द कामाच्या तासांची हमी नसलेल्या करारांनाही चिकटला. तिथे वाकायचे कर्मचाऱ्यानेच.

२०२० च्या महासाथीत कोट्यवधी लोक अर्ज न करताच घरून काम करू लागले. नंतर परत बोलावणे सुरू झाले, तेव्हा ब्रिटनचा जुना कायदा पुन्हा उघडला गेला. एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवशीही अर्ज करता येतो, उत्तर दोन महिन्यांत द्यावे लागते आणि नकारापूर्वी कर्मचाऱ्याशी चर्चा बंधनकारक आहे. नकाराची आठ कारणे या बदलातही तशीच राहिली.