हृदयाचे औषध घेणाऱ्या लहान मुलांच्या पालकांसाठी

ज्या कुटुंबांतील लहान मुले हृदयाची औषधे नियमित घेतात आणि ती आमच्या औषधालयातून नेली जातात, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक तयार केले आहे. कोणते औषध, किती आणि किती काळ, हे ठरवणे सर्वस्वी आपल्या बालहृदयरोगतज्ज्ञांचे काम आहे. मात्र बाटली घरी पोहोचल्यानंतर ते औषध मुलाच्या पोटात नेमके किती, केव्हा आणि कोणाच्या हातून जाते हे घरातच ठरते, आणि पालक आम्हाला जे प्रश्न विचारतात ते बहुतेक याच टप्प्यावरचे असतात.

सर्वांत आधी मात्रेविषयी. लहान मुलाची मात्रा त्याच्या वजनावरून काढलेली असते आणि म्हणूनच ती अगदी थोडी असते. चिठ्ठीवर ती बहुधा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असते, तर आपण घरी मोजता ते मिलिलिटर. या दोहोंना जोडणारा आकडा म्हणजे बाटलीवर लिहिलेली औषधाची तीव्रता. समजा, मुलाला एका वेळी १० मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे. बाटलीत दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असेल तर २ मिलिलिटर द्यावे लागेल, आणि १० मिलिग्रॅम असेल तर १ मिलिलिटर पुरेल. आतापर्यंत पहिली बाटली येत होती आणि या वेळी दुसरी आली, तर सवयीने भरलेल्या २ मिलिलिटरच्या सिरिंजमधून मुलाला दुप्पट औषध जाते आणि घरात कोणाच्याही ते लक्षात येत नाही. हृदयाची कित्येक औषधे बाळांना देण्याजोग्या पातळ स्वरूपात तयार मिळत नाहीत. ती गोळ्यांपासून किंवा भुकटीपासून बनवावी लागतात, आणि एका ठिकाणी बनवलेल्या औषधाची तीव्रता दुसऱ्या ठिकाणच्या औषधाशी जुळेलच असे नाही. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्यांदा बाहेरून औषध घेताना ही शक्यता विशेष असते. म्हणून नवी बाटली हाती आली की जुन्या बाटलीशेजारी ठेवून दोन्ही लेबले वाचावीत, आणि फरक दिसल्यास आम्हाला विचारल्याशिवाय पहिला डोस देऊ नये.

डिगॉक्सिनच्या बाबतीत ही काळजी आणखी वाढवावी लागते, कारण त्याची उपयुक्त मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत फार थोडे अंतर असते. बाळांसाठीच्या पातळ डिगॉक्सिनमध्ये साधारणपणे दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ०.०५ मिलिग्रॅम औषध असते. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते. हे औषध घेणारे मूल एकाएकी दूध नको म्हणू लागले, वारंवार ओकू लागले, मलूल दिसू लागले किंवा त्याची नाडी मंद वाटली, तर पोट बिघडले असेल असे समजून वाट पाहू नये. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

औषध घरातल्या चमच्याने मोजू नये, कारण दोन चमचे कधीच सारखे नसतात. बाटलीसोबत दिलेली तोंडावाटे औषध देण्याची सिरिंज किंवा ड्रॉपरच वापरावा आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधासाठी घेऊ नये. बाटली नीट हलवावी, औषध ओढून घ्यावे, सिरिंजचे टोक वर धरून हवेचा बुडबुडा बाहेर काढावा आणि दट्ट्याची कड डोळ्यांच्या रेषेत आणून आकडा पाहावा. एवढ्या थोड्या औषधात बुडबुड्याने व्यापलेली जागासुद्धा हिशेबात येते. मुलाला बसते किंवा डोके उंच धरून, गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे औषध सोडावे. घशाच्या दिशेने जोरात सोडल्यास किंवा नाक दाबून पाजल्यास ठसका लागतो, आणि औषधाची भीती बसते ती वेगळीच. पूर्ण भरलेल्या दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नये, कारण मुलाने निम्मे दूध टाकले तर किती औषध पोटात गेले हे कोणालाच सांगता येत नाही.

औषध दिल्यावर मूल ओकले तर डोस पुन्हा द्यावा का, आणि डोस चुकला तर काय करावे, हे औषधागणिक बदलते. प्रत्येक औषधासाठी हा नियम डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. डिगॉक्सिनचा ओकलेला डोस सहसा पुन्हा देत नाहीत. राहिलेला डोस भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट औषध मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. दोनदा औषध जाण्याचे आणखी एक कारण अगदी मायेपोटी घडते: आईने सकाळी औषध पाजलेले असते आणि ती कामावर गेल्यावर आजी, राहिले असेल या काळजीने, पुन्हा पाजते. औषधाच्या जागेवरच तारीख-वेळेचा तक्ता लावावा आणि खूण डोस पोटात गेल्यानंतरच करावी, आधी नव्हे.

मूल आजारी पडते तेव्हा पालकांची खरी ओढाताण होते, आणि आमच्या मते या पत्रकातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या मुलाने खाणेपिणे सोडले तर त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हे औषध दूध किंवा जेवणासोबत द्यायचे असते ते याचसाठी. थंड घाम, थरथर, न उतरणारी गुंगी ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. फ्युरोसेमाइडने लघवी वाढते आणि एनालाप्रिल किंवा कॅप्टोप्रिलने रक्तदाब उतरतो, त्यामुळे जुलाब-उलट्यांत शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांवर ताण येतो. दुसरीकडे, प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे आपल्या मनाने एकदम बंद करणेही घातक असते. औषध द्यावे तरी भीती आणि थांबवावे तरी भीती, अशा वेळी निर्णय स्वतःवर घेऊ नका. मूल खात नाही किंवा जुलाब-उलट्या सुरू झाल्या आहेत असे दिसताच, पुढच्या डोसच्या वेळेआधी डॉक्टरांना फोन करा. असा फोन किरकोळ कारणासाठी केला असे कोणतेही डॉक्टर म्हणणार नाहीत.

सर्दी-खोकल्याचे औषध मागायला येताना मूल हृदयाचे औषध घेते हे आम्हाला आवर्जून सांगावे. नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवू शकते. तापासाठी आयब्युप्रोफेन आपल्या मनाने देऊ नये, विशेषतः मूल ॲस्पिरिन, वॉर्फरिन, फ्युरोसेमाइड किंवा एनालाप्रिल घेत असल्यास. ॲस्पिरिन घेणाऱ्या मुलाच्या संपर्कात कांजिण्या किंवा फ्लूचा रुग्ण आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. अशा संसर्गात ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मिळ, पण गंभीर आजार होऊ शकतो.

दोन-तीन वर्षांचे मूल तोंड घट्ट मिटून घेते तेव्हा आपला धीर सुटणे स्वाभाविक आहे. औषधाला खाऊ म्हणू नये. कडू असेल तर कडू आहे असेच सांगावे. कोणत्या गालात सोडू, आधी हे की ते, एवढी निवड मुलाच्या हाती दिली तर विरोध बराच कमी होतो. गोड औषधांनी दात किडतात, आणि हृदयात दोष असलेल्या काही मुलांमध्ये तोंडातले जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचून संसर्ग करू शकतात, म्हणून दात घासणे टाळू नये आणि दंतवैद्यांना हृदयाच्या आजाराची कल्पना द्यावी.

ही औषधे कुलपात ठेवावीत. घरातल्या दुसऱ्या मुलाने त्यातले थोडेसुद्धा गिळले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह रुग्णालय गाठावे. मूल निळे-करडे पडले, बेशुद्ध झाले किंवा श्वासासाठी धडपडू लागले, तरीही तसेच करावे.

आठवडाभराचे औषध उरले की पुढच्या बाटलीसाठी आम्हाला कळवावे, कारण काही औषधे बनवायला वेळ लागतो. येताना जुनी बाटली, चालू चिठ्ठी आणि मुलाचे अलीकडचे वजन लिहून आणावे; मागच्या चिठ्ठीनंतर वजन बरेच वाढले असेल तर मात्रेविषयी डॉक्टरांना विचारण्याची आठवण आम्ही आपल्याला करून देऊ.