अंधत्व आणि श्रवण व गंधसंवेदना

दृष्टी नसल्यास किंवा गेल्यास ऐकण्यात व वास ओळखण्यात होणारे बदल. एक इंद्रिय गेले की देव दुसरे तीक्ष्ण करतो, हा समज विदर्भातील खेड्यांत घट्ट आहे. प्रत्यक्षात कान तोच असतो. अगदी बारीक आवाज ऐकू येण्याची किमान पातळी अंध आणि डोळस माणसांत साधारण सारखीच आढळते. बदल होतो तो मेंदूत. डोळ्यांकडून संदेश येत नसल्याने मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्र आवाज आणि स्पर्श यांचे काम करू लागते. दृष्टी जाताना वय जितके कमी तितका हा बदल खोल. मॉन्ट्रियल येथील २००४ च्या अभ्यासात स्वरांच्या उंचीतला सूक्ष्म फरक लहानपणीच दृष्टी गेलेल्यांना अधिक चांगला ओळखता आला. मोठेपणी अंध झालेल्यांत तो फायदा दिसला नाही.

पांधणीने काठी टेकत जाणारा माणूस गोठ्याची भिंत कुठे संपते हे हात न लावता सांगतो. पावलांचा आणि काठीचा आवाज भिंतीवरून परततो. भिंत संपली की आवाज मोकळा होतो. अडथळा चेहऱ्याच्या त्वचेला जाणवतो असे पूर्वी मानत. कॉर्नेल विद्यापीठातील, १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कान बंद करताच ही जाणीव नाहीशी झाली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या डोळस व्यक्तीही सरावाने हे शिकल्या. म्हणून याला दैवी देणगी म्हणणे त्या माणसाच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर अन्याय आहे. टिनांवर पाऊस कोसळू लागला, शेजारी मळणीयंत्र सुरू झाले किंवा वरातीचा डीजे आला की हीच वाट परकी होते. रस्ता अडवून डीजे लावणाऱ्यांनी याचा विचार करायलाच हवा.

गंधाबाबत पुरावा कमकुवत आहे. अनेक अभ्यास एकत्र पाहता अंधांचे नाक अधिक तीक्ष्ण असल्याचे सिद्ध होत नाही. वासाकडे लक्ष मात्र जास्त असते: वेचून आणलेली मोहफुले, आंबाडीची भाजी, वावरातल्या फवारणीचे औषध. वारा फिरला की वासाची दिशाही फिरते, त्यामुळे वाट काढायला नाकापेक्षा कानच भरवशाचा.

अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. या भागात श्रवणाच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून त्यांचेच नाव आधी निघते.

कान आपोआप तीक्ष्ण होतात या समजाने एक खरे नुकसान होते: अंध मुलाचे ऐकू येणे तपासले जात नाही. अशर संलक्षणासारख्या आनुवंशिक विकारात रातांधळेपणापासून सुरू होऊन दृष्टी कमी होत जाते आणि ऐकूही कमी येते. कान वाहू लागल्यास त्यात गरम तेल टाकू नये. मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि श्रवणचाचणी करून घ्यावी.